तात्यांची मंदी

आमच्या शेजारच्या तात्यांनी घराला चुना मारला की रेवदंड्यातली शहाणी माणसं घरातले पैसे मोजून ठेवायची. दुसऱ्या कुणाच्या भिंती पांढऱ्या झाल्या तर लोक विचारतात, लग्न कुणाचं, मुंज कुणाची? तात्यांच्या भिंती पांढऱ्या झाल्या की विचारायचे, "किती दिवस चालेल म्हणता?" कारण तात्या घराला चुना मारत तो फक्त मंदीत. तेजीत त्यांच्या भिंतींचे पोपडे निघत, कौलांतून पाणी गळे आणि त्या गळतीखाली तपेलं ठेवून तात्या शेजारी समाधानाने बसून राहत.

चारचौघांचा हात बाजार चढला की सैल होतो आणि पडला की आखडतो. तात्यांचं सगळं उलटं. तेजी आली की हा माणूस उपाशी, मंदी आली की यांची दिवाळी. उगाच तऱ्हेवाईकपणा म्हणून नव्हे हं, त्यामागे शास्त्र होतं. निदान ते स्वतः तरी त्याला शास्त्र म्हणत.

मी लग्न होऊन रेवदंड्याला आले ती बऱ्या दिवसांत. महायुद्धानंतरची मंदी ओसरली होती, नारळ-सुपारीला भाव होता, मुंबईच्या बोटीतून उतरणाऱ्या माणसांच्या पायांत बूट करकरत होते. तात्यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते लग्नातच. अंगात ठिगळ लावलेला डगला, पायांत काही नाही. पंगतीत ते साधा वरणभात जेवले आणि जिलबीचं ताट पुढे आलं तेव्हा त्यांनी हात आडवा धरला. वाढणाऱ्याला म्हणाले, "माझी जिलबी मंदीत द्या." मला आहेर काय केला, तर केरसुणी. वर आशीर्वाद दिला, "सूनबाई, तेजी आहे, हात आखडा!" मी नवी नवरी, हसू दाबता दाबता माझी नथ नाकातून सुटायला आली होती.

तात्या आमच्याच सुतारआळीतले, पण हातात रंधा न धरता ते लहानपणीच मुंबईला गेले आणि कापूसबाजारात एका दलालाकडे मेहताजी झाले. आयुष्य भाव लिहिण्यात गेलं. बायको लवकर गेली, मूल नव्हतं. महायुद्धानंतरचा तो सगळा तमाशा त्यांनी दुकानाच्या गादीवर बसून पाहिला होता आणि तो सांगताना त्यांना रंग चढायचा. "रोज नवी कंपनी! माती विकायची कंपनी, हवा विकायची कंपनी. आमच्या शेठचे भटजी सत्यनारायणाच्या पोथीत शेअरचा कागद ठेवून फिरायचे, प्रसादाच्या आधी भाव विचारायचे. आणि एका सकाळी बघतो तर बाजारात कुत्रं नाही." त्या सकाळनंतर दलालाने दुकान आवरलं आणि तात्या आपली वळकटी घेऊन गावी आले.

त्यांचं शास्त्र मला त्यांनी एकदा कुंपणावरून शिकवलं. मी शेवग्याच्या शेंगा काढत होते. म्हणाले, "सूनबाई, या देशाला पाळीचा ताप आहे. पाळीचा ताप ठाऊक आहे ना? थंडी भरून येते, घाम सुटतो, मग उतरतो. मधल्या दिवशी रोगी उठून बसतो, भजी मागतो. घरचे म्हणतात, बरा झाला! अगं बरा कसला, उद्या पाळी आहे त्याची!"

मी म्हटलं, "मग औषध काय, तात्या?"

"औषध सरकारकडे. सरकार विलायतेत. आपल्या हातात पथ्य. भजीच्या दिवशी पेज प्यायची आणि थंडीच्या दिवशी पांघरूण काढून दुसऱ्याला द्यायचं."

हे मला काही पटलं नाही. थंडी भरलेल्या माणसाने पांघरूण देऊन टाकायचं हे कुठलं शास्त्र? पण तात्या बोलल्याप्रमाणे वागत एवढं खरं. आजूबाजूला सगळीकडे घरावर मजले चढत असताना हे दुपारी एका वाडग्यात पेज घेऊन बसत, वर एक भाजलेला बोंबील. तेजीत न खाल्लेलं पापलेट मंदीच्या नावाने मनात जमा करत असावेत.

आता मंदीच्या नावाचाच घोटाळा सांगते. आमच्याकडे मंदाकिनी नावाच्या प्रत्येक मुलीला मंदी म्हणतात. तात्यांना रोज बंदरावर जायची सवय. बोटीतून कोण उतरलं, कसं उतरलं, हातात काय आहे, हे ते बाजाराची तार वाचावी तसे वाचायचे. आणि जो भेटेल त्याला डोळे बारीक करून सांगायचे, "मंदी येणार. यंदा नाही तर पुढच्या वर्षी, पण येणार." बंदरावर मासळी घेऊन बसणाऱ्या कोळणींनी हे किती वर्षं ऐकलं होतं. त्यातली पारूबाई आमच्या दारी म्हावरं घेऊन यायची. एक दिवस टोपली उतरवून मला हळूच विचारते, "गो, ही मंदी कंची? मुंबईची हाय व्हय?"

मला आधी कळेना. ती म्हणाली, "आगो, तात्याची मंदी! मागं आली व्हती तवा तात्यानं घर रंगवलं, नवा धोतर घेतला, माज्याकरनं सरंगा घेतला. आनि ती काय दिसली न्हाय कुनाला. येते कवा, जाते कवा! एवडा जीव हाय तर लगीन तरी कर म्हनावं."

मी हसून हसून खाली बसले. समजावून सांगायला गेले, पण बाजार, भाव, दलाल हे सगळं ऐकून पारूबाईने मान हलवली. शिकलेल्या माणसांना भानगड झाकता येते, एवढाच अर्थ तिने त्यातून काढला. तेव्हापासून कोळीवाड्यात तात्यांची मंदी ही एक गोरीपान, मुंबईची, फारशी चांगल्या चालीची नसलेली बाई म्हणून नांदायला लागली.

पुढे ह्यांना मुंबईला एका गिरणीच्या वर्कशॉपात सुताराचं काम मिळालं आणि आम्ही परळला खोली घेतली. चांगले दिवस होते ते, खोटं कशाला बोलू! पण हळूहळू गिरणीचे भोंगे एकेक करून गप्प व्हायला लागले. सुरतेकडचं, विलायतेचं, अमेरिकेचं काय काय पेपरात यायचं. मला त्यातलं एवढंच कळलं की कुठे तरी लांब काही तरी कोसळलं आणि त्याचा धुरळा आमच्या खोलीत आला. आधी ह्यांची पाळी कमी झाली, मग आठवडा कमी झाला, मग गिरणीच्या दारावर गिरणी बंदचा कागद लागला. चाळीतल्या बायका अंगावरचं सोनं मोडत होत्या आणि ते सोनं बोटी भरभरून परदेशी चाललं होतं. माझ्याकडे मोडायला फारसं नव्हतं, म्हणून आम्ही खोलीच मोडली.

रेवदंड्याच्या बंदरात उतरलो त्या दुपारचं मला सगळं आठवतं. मला दिवस गेले होते, बोट लागली होती, आणि ह्यांच्या खांद्यावर आमचा पाटा होता. वरवंटा माझ्या पिशवीत. तात्या बंदरावर उभे होतेच. त्यांनी आधी पाट्याकडे पाहिलं. मुंबईला राहणारा माणूस सणाला आला तर ट्रंक आणतो, पाटा आणत नाही. पाटा उतरला की समजायचं, खोली सोडली. तात्यांनी पाट्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा असा काही फुलला की मला त्या माणसाला पाण्यात ढकलावंसं वाटलं.

"आली!" ते म्हणाले, "मंदी आली! मिस्त्री, या. सूनबाई, सांभाळून उतर." आणि तिथूनच मागे वळून ओरडले, "पारूबाई, पापलेट आहे का? दे. दर नको सांगू."

पारूबाईला हे फार लागलं. घासाघीस न करता कुणी म्हावरं उचललं तर तिला ते म्हावऱ्याचा अपमान केल्यासारखं वाटे. ती मला म्हणाली, "माजं म्हावरं काय फुकाचं हाय, का हा म्हातारा येडा झाला?" पण टोपलीतली चांगली दोन पापलेटं तिने त्यांच्या हाती ठेवली. त्या दिवशी तिचं दुसरं काही विकलं गेलं नव्हतं हे मला मागाहून कळलं. ती दोन्ही पापलेटं संध्याकाळी आमच्या चुलीवर शिजली, तात्यांनी कुंपणावरून दिली. मी रागाने शिजवली आणि पोटभर जेवले.

मग तात्यांच्या घरावर चुना चढला. कौलं बदलली. विहिरीचा काठ बांधला, तो ठीक होता तरी पाडून पुन्हा बांधला. तात्यांनी नवं धोतर नेसलं. हलवायाला बोलावून जिलबी करवली आणि माझ्या लग्नातली त्यांची राहिलेली जिलबी आळीभर वाटून मग स्वतः खाल्ली. ओटीवर माणसं जमायला लागली. मुंबईहून पाटे घेऊन उतरलेली सगळी मंडळी, कुणी गिरणीतला जॉबर, कुणी कारकून, कुणी नुसताच बसून राहणारा. तात्या त्यांना चहा पाजत, पेपर वाचून दाखवत आणि मध्येच म्हणत, "मंदी आहे, हात सैल सोडा!" ज्यांच्या हातात काहीच नव्हतं ते काय सोडणार? पण हसायचे.

पारूबाईला तोवर मंदी कळली होती. तिचे सुके बोंबील कुणी घेत नव्हतं. एकदा ती त्या भरल्या ओटीसमोर उभी राहून म्हणाली, "तात्या, तुजी मंदी लई वंगाल बाय हाय. तिनं माजा धंदा बसवला. तुला काय दिसलं तिच्यात?"

ओटीवर हशा पिकला. तात्याही हसले. मग म्हणाले, "पारूबाई, माझ्या घरी माणसं घेऊन येते ती एकटीच." तेव्हा ते वाक्य हशातच गेलं.

आमच्या घरी मात्र हसू नव्हतं. ह्यांना काम मिळेना. गावात कोण पलंग करून घेणार? हे सकाळी हत्यारांना तेल लावत आणि पेटीत परत ठेवत. तशात मुंबईचा एक मुकादम आला. समुद्रापलीकडे बसऱ्याला तेलाच्या कंपनीत सुतार हवेत, तीन वर्षांचा करार, दिवाळीनंतर बोट, माणसाने आपली हत्यारं घेऊन यायचं. आळीतल्या चौघांनी अंगठे दिले. हेही सही करून आले आणि मला मागच्या दारी सांगितलं. माझं तोंड कडू झालं. माझं बाळंतपण तोंडावर, घरात सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, आणि बसऱ्याला गेलेल्यांपैकी किती जण धडधाकट परत येतात ते आळीला ठाऊक होतं. मी नको म्हटलं. हे म्हणाले, "मग खायचं काय?"

त्याच आठवड्यात तात्यांनी ह्यांना हाक मारली. म्हणाले, "मिस्त्री, ओटीवर झोपाळा करायचा आहे. सागाचा. पितळी कड्यांचा. बसऱ्याला जायच्या आधी करून द्याल?"

हे म्हणाले, "आठवड्याचं तर काम आहे." कासमभाईंच्या वखारीतून फळी आणायला दोघं गेले. कासमभाईंनी हिशेबाची वही मिटून तात्यांकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "तात्या, अल्ला तुमचं भलं करो, पण या दिवसांत झोपाळा? लोक दारं विकायला येतात माझ्याकडे."

"म्हणूनच," तात्या म्हणाले, "ती दारंही घेऊन ठेवा."

इथे आमच्या सुतारांची एक रीत सांगायला हवी. काम धरलं की हत्यारांची पेटी मालकाच्या घरी जाते आणि काम पुरं होईपर्यंत तिथेच राहते. काम मनासारखं झालं की मालक एक नारळ देतो. नारळ हातात पडल्याशिवाय पेटी त्या घरातून उचलायची नाही. उचलली तर काम अर्धवट टाकलं असं होतं, आणि अर्धवट काम टाकणाऱ्या सुताराच्या हाताला यश येत नाही असं आमचे सगळे मानतात. हे तर गिरणीतसुद्धा पहिल्या दिवशी मॅनेजरकडे नारळ मागायला निघाले होते, बाकीच्यांनी धरून ठेवलं.

ह्यांनी झोपाळा केला. देखणा झाला होता, मी पाहिला. तात्या बसले, दोन झोके घेतले आणि म्हणाले, "कुरकुरतो."

ह्यांनी कड्या काढल्या, तेल घातलं, पुन्हा लावल्या. तात्या बसले. "आता अगदीच गप्प झाला हो. थोडी कुरकुर हवी. घरात मी एकटा, काही तरी बोलायला नको?" मग तो थोडा बोलता केला. मग उजवीकडे ओढत होता. मग उंच झाला, तात्यांचे पाय लोंबकळले. खाली घेतला तर गुडघे छातीला लागले. मग फळीच्या कडा टोचल्या. कडा घासल्या तर म्हणाले, आता घसरायला होतं. मजुरी मात्र दर शनिवारी हातावर ठेवत, तिच्यात कधी खोट काढली नाही. नारळ तेवढा देत नव्हते. आणि वाडीत नारळ असे पडलेले की चालताना पायाला ठेच लागावी!

हे घरी येऊन भांडी आपटायचे. "डोकं फिरलंय म्हाताऱ्याचं! माझ्या बापाच्या हातचं कामही याला पटलं नसतं." दिवाळी झाली. मुकादमाचं बोलावणं आलं, बोट आठवड्यावर. हे तात्यांकडे गेले, हात जोडले, म्हणाले, "तात्या, काय ती खोड एकदाच सांगा." तात्या म्हणाले, "झोका पुढे जातो तितका मागे येत नाही." हे रडायचे बाकी होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मीच गेले. नववा महिना, हातात काही नाही, पण तोंड होतं. मी म्हटलं, "तात्या, ह्यांच्या कामात खोट काढता? गावात एवढा हात दुसऱ्या कुणाचा आहे? नारळ द्यायला जिवावर येत असेल तर मी आणून देते आमच्या घरून, तोच त्यांना द्या!"

तात्या झोपाळ्यावर बसले होते. उठले, मला म्हणाले, "सूनबाई, आधी बस. अशा दिवसांत ओरडू नये." मग आत गेले आणि मला देवापाशी बोलावलं. देवाच्या पुढ्यात एक नारळ होता. सोललेला, शेंडी ठेवलेली, कुंकू लावलेलं. कुंकू सुकून गेलं होतं.

"झोपाळा पहिल्याच दिवशी उत्तम झाला," ते म्हणाले. "तेव्हापासून हा सोलून ठेवलाय. पण बसऱ्याची बोट अजून गेली नाही ना."

मी तिथेच खाली बसले.

"माझा बाप रंधाच मारायचा. अर्धं काम टाकून सुतार जात नाही एवढं मला ठाऊक आहे. दुसऱ्या कशाने तुझा मिस्त्री थांबला नसता. पैसे देऊ केले असते तर माझ्या तोंडावर फेकले असते." मग म्हणाले, "आणि ही मंदी काय मुंबईपुरती आहे? तिकडे तेलाला विचारत नाही कुणी. ते मुकादम माणसं नेतील आणि वाळूत सोडतील."

मी म्हटलं, "मग हे सरळ सांगा ना त्यांना."

"मागच्या मंदीत सरळच सांगितलं होतं. माझ्या बहिणीचा गोविंदा. दारात येऊन म्हणाला, मामा, काही काम द्या, चार महिने काढतो. मी म्हटलं, भाव अजून पडणार आहेत, आता खर्च करणं मूर्खपणा, थांब. अगदी बरोबर सांगितलं. भाव पडलेच. आणि तो आफ्रिकेला गेला. बंदरावर म्हणाला, येतो मामा. अजून आला नाही." तात्यांनी देवापुढचा नारळ उगाचच जरा सरकवला. "सगळे एकदम मूठ आवळतात, सूनबाई, तेव्हाच ताप चढतो. मी शहाणा होतो, मीही आवळली. तो गेला त्यानंतर पहिल्यांदा या घराला चुना मारला. आता एकाने तरी मूर्ख व्हावं म्हटलं."

मी त्यांच्या पायांना हात लावला. वाकता येत नव्हतं, तरी लावला. आणि ओटीवर आले ती मोठ्याने बडबडत, म्हातारा कसा हट्टी आहे आणि कसा कंजूष आहे, म्हणजे अंगणात रंधा मारत बसलेल्या ह्यांना ऐकू जावं.

बोट गेली. ती गेल्याचं कळलं त्या सकाळी तात्या झोपाळ्यावर बसले, एक झोका घेतला, मान डोलावली आणि आळीदेखत ह्यांच्या हातात नारळ ठेवला. ह्यांनी पेटी उचलली आणि तात्यांकडे न बघता घरी आले. पुढे महिनाभर त्यांचं नावही काढलं नाही. पण झोपाळा लोकांनी पाहिला होता. इतके दिवस घासलेला, हलकासा बोलणारा झोपाळा जिल्ह्यात दुसरा नसावा. चौलच्या एका बागायतदाराने तसाच हवा म्हणून सांगितलं, मग मुरूडहून एक मागणी आली. माझी मुलगी तीन महिन्यांची झाली तेव्हा बसऱ्याला गेलेल्या चौघांतले तिघे परत आले. काम मध्येच बंद पडलं होतं, अंगात ताप होता, हातात काही नव्हतं. चौथा यायचा राहिला. त्याच्या बायकोला भेटून आले त्या दिवशी मी माझ्या मुलीला खाली ठेवलीच नाही.

ह्यांना मी ते कधीच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मजुरी परत करायला निघाले असते. अजूनही अधूनमधून म्हणतात, "तो झोपाळा पहिल्या दिवशीच बरोबर होता." मी म्हणते, "असेल." माझा संसार एका न दिलेल्या नारळावर उभा आहे हे मी रोज देवापुढे हात जोडताना मनात म्हणते, आणि त्यात तात्यांचं नाव देवाच्या आधी येतं.

काही वर्षांनी ताप उतरला. भोंगे पुन्हा वाजायला लागले असं बोटीवरची माणसं सांगू लागली. ओटीवरची मंडळी एकेक करून वळकट्या बांधून निघाली, उड्या मारत निघाली. तात्या प्रत्येकाला पोचवायला बंदरावर जात. जो तो म्हणे, "येतो, तात्या." आणि तात्या ओरडत, "येऊ नकोस रे! पुन्हा पाटा घेऊन येऊ नकोस!" सगळे हसत, तेही हसत. बोट दिसेनाशी होईपर्यंत उभे असत.

ह्यांनी तोवर रेवदंड्यातच स्वतःचं दुकान टाकलं होतं. हाताखाली माणसं होती, दारात फळ्यांची रास होती, मला जेवायला सवड नव्हती. एका दुपारी वाळत घातलेले कपडे काढता काढता माझं कुंपणापलीकडे लक्ष गेलं. तात्यांच्या भिंतींना पुन्हा पोपडे धरले होते. झोपाळा वर आढ्याला बांधून ठेवलेला. ओटीवर चिटपाखरू नाही. ठिगळाचा डगला घालून तात्या एका वाडग्यात पेज घेऊन बसले होते आणि मध्येच मान उचलून रस्त्याकडे बघत होते. तेजी होती. त्यांच्याकडे यायचं कुणाला काही कारणच उरलं नव्हतं.

मी कपडे तसेच दोरीवर टाकले आणि त्यांच्या ओटीवर गेले. म्हटलं, "तात्या, पेज उरली आहे का?"

ते दचकले. "का गं? घरी काही नाही का शिजलं?"

"शिजलंय की. सुरमई आहे. पण आज मला इथे जेवायचंय."

"तेजी आहे, सूनबाई," ते म्हणाले, पण म्हणायचं म्हणून. मग लगबगीने आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. मी बघायला गेले तर शिडी लावून माळ्यावर चढलेले. घरात एक वाडगा सोडून दुसरं भांडं खाली नव्हतं, सगळी भांडी त्यांनी माळ्यावर टाकली होती. धुळीने खोकत त्यांनी मला एक ताटली दिली. मग दुसरी दिली. मग तिसरी.

मी म्हटलं, "तात्या, मी एकटीच आहे."

"हो, हो," ते म्हणाले आणि चौथी दिली. "पण असू देत खाली. परत कोण चढणार?"

आम्ही दोघं पेज जेवलो. मी त्यांना म्हटलं, "तात्या, तुमच्यामुळे माझं घर राहिलं." ते म्हणाले, "बोंबील घे अजून," आणि डोळे पुसले. माळ्यावरची धूळ म्हणाले.

उद्या येईन असं मी त्यांना बोलले नव्हते. ह्यांना आणि मुलीला घेऊन दुसऱ्या दिवशी दुपारी गेले ते माझ्या मनाने. तात्या रस्त्याकडे तोंड करून बसले होते, आणि ओटीवर चार ताटल्या घासून, पुसून मांडलेल्या होत्या.